'सॉरी टु बट इन' म्हणावं की नाही? (खानापूर तालुक्यातून एक प्रश्न)

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवतो. आमच्याकडून दहावी करून गेलेली एक मुलगी आता पुण्यात कंपनीत आहे. परवा तिचा फोन आला. तिच्या टीमची अमेरिकेतल्या लोकांबरोबर ऑनलाइन मीटिंग असते. माहिती हिच्याकडे असते, काम हिनं केलेलं असतं, पण बोलणाऱ्यांच्या मध्ये शिरायला हिला जागाच सापडत नाही. मीटिंग संपते आणि मग ही ईमेल लिहीत बसते.

तिथले एक गृहस्थ मध्ये बोलायचं असलं की 'सॉरी टु बट इन' म्हणतात आणि सगळे थांबतात. आपणही तसंच म्हणावं असं तिला वाटतं, पण 'बट' या शब्दाचा सिनेमात ऐकलेला, पार्श्वभागाचा अर्थ आठवतो आणि जीभ रेटत नाही. तिची एक मैत्रीण चॅटवर हेच लिहिते, तेही एकाच टी-चं, 'परंतु'वालं. त्यामुळे गोंधळ आणखी वाढलाय.

डिक्शनरीतला अर्थ मी तिला सांगितला. पण ती विचारते, 'सर, हे मोठ्या साहेबांसमोर चालतं काय?' याचं उत्तर डिक्शनरीत मिळेना. इंग्रजीत रोज वावरणारी मंडळी इथं आहेत म्हणून विचारतो.

शहापूर_पेठ
सर, आधी तिच्या मनातली शंका काढून टाकू. 'बट इन'मधलं बट हे दोन टी-चं क्रियापद आहे. अर्थ डोक्यानं ढकलणं, बोकड किंवा एडका करतो ते. जुन्या फ्रेंचमधल्या 'ढकलणे' अर्थाच्या क्रियापदावरून ते इंग्रजीत आलं. सिनेमातलं बट हे नाम, त्याचं नातं जाड टोक, बुंधा अशा अर्थाच्या शब्दाशी. स्पेलिंग आणि उच्चार सारखा, घराणं वेगळं. 'बट इन' ऐकून कुठलाही इंग्रजी बोलणारा दचकत नाही.

वाक्प्रचार म्हणून मात्र हा तसा अलीकडचा. एकोणिसावं शतक संपता संपता अमेरिकेच्या बोलीत रुळला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असं करणाऱ्या माणसाला तिकडं 'बटिन्स्की' म्हणायची पद्धत पडली होती, पूर्व युरोपीय आडनावांसारखा शेवट जोडून.

आता वापर. यात सगळ्यात महत्त्वाचं एकच बघायचं, कोण कोणाबद्दल बोलतंय. स्वतःबद्दल म्हटलं तर ते सौजन्य. 'सॉरी टु बट इन, बट द फाइल इज ऑलरेडी विथ देम.' यात दोन्ही बट आहेत, पहिलं दोन टी-चं, दुसरं एका टी-चं. बहुतेक म्हणूनच लिहिताना गल्लत होते. दुसऱ्याबद्दल म्हटलं तर ती तक्रार. 'ही ऑल्वेज बट्स इन' म्हणजे हा माणूस कायम मध्ये तोंड घालतो. आणि समोरच्याला 'डोंट बट इन' म्हणणं म्हणजे सरळ खडसावणं. एकाच क्रियापदाची एवढी दोन टोकं मुलांना डिक्शनरीतून कळत नाहीत.

साहेबांसमोर चालतं का? ओळखीचे, रोजचे साहेब असतील तर निश्चित चालतं. ग्राहक नवा असेल, बैठक औपचारिक असेल, तर 'सॉरी टु इंटरप्ट' म्हणावं. तेच काम, फक्त इस्त्री केलेले कपडे.

घटप्रभा_काठ
आमच्या घरात शेळ्या-मेंढ्या असतात म्हणून सांगतो, हा शब्द कुणी डोळ्यांनी बघून बनवलाय. गव्हाणीत दोघी खात असल्या की तिसरी बाजूनं येते, डोकं खाली घालते आणि दोघींच्या मधून घुसवते. आवाज नाही, विचारणं नाही. आम्ही त्याला ढुशी म्हणतो. टगरांच्या (एडक्यांच्या) टकरी आमच्या भागात सगळ्यांनी बघितल्यात, पण टक्कर म्हणजे समोरासमोर भांडण. 'बट इन'मध्ये मला ढुशी दिसते, टक्कर नाही. खाणाऱ्यांशी वैर नसतं, गव्हाणीत तोंड घालायचं असतं.

जांबोटी_रोड
घटप्रभा, हे उद्याच वर्गात सांगणार. आमची निम्मी पोरं धनगरवाड्यांतून येतात, त्यांना डिक्शनरी उघडायलाच नको.

निपाणकर
मराठीत याला 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' म्हणता येईल की.

शहापूर_पेठ
नाही हो निपाणकर, ती गोष्ट वेगळी. ओसरी आधी दिलेली असते, मग माणूस हळूहळू घरभर होतो. त्यासाठी इंग्रजीत तंबूत नाक घालणारा उंट आहे, आपण सगळ्यांनी शाळेत वाचलेला. 'बट इन'मध्ये कुणी काही दिलेलंच नसतं आणि हळूहळूही काही होत नाही, एका क्षणाचं काम असतं.

घुसखोरीसाठी इंग्रजीत इतके शब्द आहेत की एकाच्या जागी दुसरा वापरला की अर्थ तिरका जातो. 'बार्ज इन' म्हणजे दार न वाजवता धाडकन आत येणं. बार्ज म्हणजे सपाट बुडाची, मालाची, वळवायला जड अशी नाव. ती येते तेव्हा बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. यात शरीर लागतं, खोली लागते. फोनवर 'सॉरी टु बार्ज इन' म्हणणारे आहेत, पण मूळ चित्र दाराचं. 'गेटक्रॅश' म्हणजे निमंत्रण नसताना समारंभात शिरणं, १९२०च्या दशकात अमेरिकेत आलेला शब्द. 'मसल इन' म्हणजे दमदाटीनं दुसऱ्याच्या धंद्यात घुसणं, 'हॉर्न इन' म्हणजे दुसऱ्याच्या फायद्यात वाटा मारायला शिंग घालणं. या दोन्हींत हाव आहे. त्या मुलीला वाटा नकोय, फक्त बोलायचंय. म्हणून तिला लागणारा शब्द 'बट इन'च.

अजून एक आहे, 'पुट युअर ओअर इन'. दुसऱ्याच्या नावेत आपलं वल्हं घालणं. सोळाव्या शतकापासून ही प्रतिमा इंग्रजीत आहे. न विचारता मत देणाऱ्यासाठी. बोलण्यात शिरणं आणि मत देणं यात फरक आहे, मुलांना तो जरूर सांगा.

ओसरी
मराठीत जवळचं शोधायचं तर समर्थांकडे जावं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास, मूर्खलक्षण:

दोघे बोलत असती जेथें । तिसरा जाऊन बैसे तेथें । डोई खाजवी दोहीं हातें । तो येक मूर्ख ॥

इंग्रजीत दोन प्रेमिकांत जाऊन बसणाऱ्याला ब्रिटनमध्ये 'गूजबेरी' म्हणतात, अमेरिकेत 'थर्ड व्हील'. आमच्या कॉलेजची पोरं हिंदीतलं 'कबाब में हड्डी' म्हणतात. समर्थांचा तिसरा त्याहून व्यापक आहे, कुठल्याही दोघांत जाऊन बसणारा. आणि तो बोलतसुद्धा नाही! नुसता बसतो आणि डोकं खाजवतो. मला हे निरीक्षण फार खरं वाटतं. मध्ये येणाऱ्याकडे सांगायला काही असेल तर त्याचं येणं खपतं, काही नसताना येऊन बसला की अवघडतं.

हुक्केरीहून
कन्नडचं मी सांगतो, घरी दोन्ही भाषा आहेत. आपण 'मध्ये तोंड घालू नको' म्हणतो, आमच्याकडं 'नडुव बायि हाकब्याड' म्हणतात. नडुव म्हणजे मध्ये, बायि म्हणजे तोंड, हाकु म्हणजे घाल. शब्दाला शब्द. नाक खुपसणं म्हणजे 'मूगु तूरिसु', तेही तसंच. आणि कन्नड कवी सर्वज्ञाच्या एका त्रिपदीत (तीन ओळींच्या पद्यात) न बोलावता येणाऱ्याला पायताणानं हाणायला सांगितलंय, म्हणजे समर्थ परवडले.

पण एक बघा. हे सगळं दुसऱ्याला दटावायचं. स्वतः मध्ये बोलताना काय म्हणायचं, त्याचं ठरलेलं वाक्य दोन्हीकडं पटकन आठवत नाही. कन्नडमध्ये 'वंद् निमिष री' म्हटलं की चालतं, त्या 'री'मध्ये सगळा मान आला. बेळगावच्या बाजारात मराठी माणूसही तेच म्हणतो आणि दुकानदार मान वळवतो.

वडगावची
हुक्केरीहून यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं, म्हणून लिहिते. एरवी मी फक्त वाचते.

'मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालू नये' हे वाक्य मी मुलगी म्हणून ऐकलं, सून म्हणून ऐकलं, आणि दुःख याचं की आई म्हणून स्वतःही बोलले. भावाला मात्र तेच केल्यावर 'हुशार आहे' म्हणायचे. सरांची ती विद्यार्थिनी मीटिंगमध्ये अडते ती इंग्रजी कच्चं म्हणून नाही. तिला शिरायचं शिकवलंच नाही कुणी. थांबायचं शिकवलं, आणि ते ती उत्तम करते.

मराठीत आपण म्हणतोच की 'बोलणं मोडते, माफ करा', 'तुमचं चालू दे, एकच सांगते', 'राग मानू नका, पण'. ही वाक्यं आहेत. पण ती कोण म्हणतं ते आठवून बघा. पंचायतीत, देवळाच्या मीटिंगमध्ये, लग्न ठरवायच्या बैठकीत. पुरुष म्हणतात. बायकांची वाक्यं वेगळी. आम्ही चहाचा ट्रे घेऊन आत येतो आणि ट्रे ठेवता ठेवता बोलतो. कारण लागतं आम्हाला आत यायला.

आमच्या वडगावात घरोघरी माग आहेत. मागाच्या खडखडाटात हाक ऐकू येत नाही. बोलायचं असलं की जाऊन खांद्याला हात लावायचा, समोरची बाई माग थांबवते आणि वळते. तिथं सासूला सूनही हात लावते, कुणाला गैर वाटत नाही. कामाची गोष्ट असते म्हणून. मीटिंगसुद्धा कामाचीच जागा आहे ना? तिथं खांदा नाही, म्हणून हे वाक्य.

सर, तिला सांगा, बिनधास्त म्हण.

तांबडी_माती
ताई, तुमचं पटलं, पण मग माफी कशाला? काम तिचं, माहिती तिची. 'सॉरी' म्हणून सुरुवात केली की अर्धी बाजी तिथंच गेली. आपली सीमाभागातली पोरं आधीच सगळीकडं सॉरी म्हणत फिरतात, कन्नड कमी येतं म्हणून सॉरी, पुण्याची मराठी येत नाही म्हणून सॉरी, इंग्रजी माध्यमाची नाहीत म्हणून सॉरी. त्यात अजून एक शिकवायचं?

शहापूर_पेठ
तांबडी_माती, तुमची तळमळ कळते. आपल्या पोरांचं ते वाकणं मीही बघतो आणि मलाही त्रास होतो. पण इथलं 'सॉरी' अपराधाची कबुली देणारं नाही. गर्दीतून जाताना आपण 'जरा सरा हं' म्हणतो तेवढंच त्याचं वजन. म्हणून तर तो अमेरिकन गृहस्थ ते सहज म्हणतो आणि त्याचा मान कमी होत नाही.

तरीही 'सॉरी' नको असेल तर दुसऱ्या वाटा आहेत. 'कॅन आय जंप इन हिअर?' यात माफी नाही, उत्साह आहे. 'इफ आय मे' हे ठेवणीतलं, वकिली थाटाचं. 'जस्ट टु अ‍ॅड टु दॅट' म्हणजे आधीच्याच्या बोलण्याला जोड देत शिरणं, समोरच्याला टोचत नाही. ब्रिटिश लोक 'चिप इन' म्हणतात, उपयोगी काही सुचवत मध्ये बोलणं. वर्गणी काढण्यालाही तोच शब्द आहे, संदर्भावरून कळतं. तिनं दोन-तीन पाठ करून ठेवावीत.

भाषेचा_विद्यार्थी
पाठ करणं इथं खरंच महत्त्वाचं आहे, का ते सांगतो. २००९ साली दहा भाषांचा एक तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी, जपानी, कोरियन, लाओ, डॅनिश होत्या, तसंच मेक्सिकोतली त्सेल्तालसारखी छोट्या समाजाची भाषाही होती. एकानं प्रश्न विचारल्यावर दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत मधली फट किती, हे मोजलं. सरासरी निघाली साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. जपानी सगळ्यांत झटपट, डॅनिश सगळ्यांत सावकाश, पण कुठलीही भाषा त्या सरासरीपासून साधारण पाव सेकंदापेक्षा लांब गेली नाही.

एवढ्या वेळात नवं वाक्य मनात जुळवता येत नाही. बोलणारे समोरच्याचं संपायच्या आधीच आपलं तयार ठेवतात. आता जी मुलगी मराठीत विचार करून इंग्रजीत उतरवते, तिची वेळ त्या फटीत बसणार कशी? ती हुशार असो, नसो, दार बंद झालेलंच असतं. तयार वाक्प्रचार इथं कामाला येतो. 'सॉरी टु बट इन' म्हणायला विचार लागत नाही, आणि ते म्हणता म्हणता पुढचं वाक्य जुळवायला एखादा सेकंद मिळतो. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही हेच करत असतात.

कॅम्पवाला
मी सैन्यात सिग्नलचं काम केलेलं आहे. वायरलेस सेटवर एकानं बटण दाबलं की दुसऱ्याला ऐकावंच लागतं. दोघांनी एकदम दाबलं तर दोघांचंही वाया. म्हणून तिथं शिस्त, समोरचा 'ओव्हर' म्हणेल तेव्हाच तुम्ही. कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही, हुद्द्याचाही फारसा नाही.

ऑनलाइन मीटिंगमध्ये लोकांना वाटतं आपण एका खोलीत आहोत, पण आवाज समुद्रापलीकडून येताना थोडा उशिरा पोहोचतो. इकडं शांत वाटतं तेव्हा तिकडचा पुढचं वाक्य बोलायला लागलेला असतो. मग दोघे एकदम बोलतात, दोघे थांबतात, 'यू गो अहेड', 'नो नो, यू'. विद्यार्थी म्हणतात त्या पाचव्या हिश्श्याचं गणितच तिथं मोडतं. तेव्हा मॅडमना सांगा, आधी स्क्रीनवरचं हात वर करायचं बटण दाबा. मग माइक चालू करा. मग ते वाक्य. आणि म्हणून झाल्यावर एक श्वास थांबा, म्हणजे समोरचा थांबलाय की नाही ते कळतं. थांबला नसेल तर तेच वाक्य परत, आवाज न चढवता. वायरलेसवर आम्ही असंच करायचो.

ओसरी
कॅम्पवाला साहेब, 'आवाज न चढवता परत' हे लाख मोलाचं. आमच्याकडं आवाज चढवला की ऐकतात अशीच समजूत आहे.

निपाणकर
माझा एक व्याकरणाचा प्रश्न. 'बट इन ऑन' आणि 'बट इन्टु' दोन्ही वाचलेत. कुठलं बरोबर?

शहापूर_पेठ
दोन्ही. बोलण्यात शिरलात तर 'बट इन्टु अ कॉन्व्हर्सेशन'. माणसांच्या मध्ये शिरलात तर 'बट इन ऑन देम'. नुसतं 'बट इन'ही पुरतं. भूतकाळात 'बटेड इन'. अमेरिकेत रांगेत मध्ये घुसण्यालाही 'बट इन लाइन' म्हणतात. ब्रिटिश त्याला 'पुशिंग इन' किंवा 'जंपिंग द क्यू' म्हणतील. म्हणजे बेळगाव बसस्टँडवर सुट्टीच्या दिवशी पाहायला मिळतं ते.

निपाणकर
आणि 'बट आउट'?

शहापूर_पेठ
त्याच्या वाटेला तिनं जाऊ नये. 'तुझा काय संबंध, चालता हो' इतकं ते कडक आहे. सिनेमात समजण्यापुरतं माहीत असावं.

हुक्केरीहून
सर, ती मीटिंगमध्ये कुणी तिचंच बोलणं तोडलं तर काय म्हणायचं तेही सांगा. शिरणं शिकवलं तर टिकणंही शिकवायला पाहिजे.

शहापूर_पेठ
फार चांगला मुद्दा. 'कॅन आय जस्ट फिनिश?' किंवा 'लेट मी फिनिश धिस पॉइंट.' दोन्हीत उद्धटपणा नाही. दुसरं थोडं ठाम आहे. 'होल्ड ऑन' म्हणतात ते जवळच्या सहकाऱ्यांत ठीक, ग्राहकाला नको.

वडगावची
'लेट मी फिनिश धिस पॉइंट.' हे मी माझ्या मुलीला पाठ करायला लावणार आहे. इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीत. 'माझं पुरं होऊ दे, मग बोला.'

जांबोटी_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिला फोन करून अर्धा तास हे सगळं वाचून दाखवलं. ढुशीवर ती खूप हसली. वडगावच्या ताईंचं वाचताना मात्र मध्येच गप्प झाली, आणि म्हणाली, 'सर, ताईंना सांगा, ट्रेचं खरं आहे.'

ताईंच्या लिहिण्यानं माझ्याही डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. आमच्या वर्गात मी प्रश्न विचारतो, मुलं हात वर करतात, मी नाव घेतो, मग ती बोलतात. वर्षानुवर्षं असंच. म्हणजे बोलायची वेळ कायम मी वाटतो. स्वतः वेळ काढून बोलायची सवय त्यांना शाळेत लागतच नाही आणि मग कॉलेजात, कंपनीत एकदम ती अपेक्षा केली जाते. विशेषतः मुली मागच्या बाकावर बरोबर उत्तर वहीत लिहून बसलेल्या असतात.

तर नववीच्या वर्गात असं करणार आहे. दोघांना एखाद्या विषयावर इंग्रजीत बोलत ठेवायचं, गावच्या जत्रेवर, उसाच्या बिलावर, कशावरही. तिसरीनं किंवा तिसऱ्यानं आत शिरायचं, पण तीन अटींवर. आधी शिरायचं वाक्य म्हणायचं, मग दोघांपैकी एकाच्या शेवटच्या मुद्द्याला धरून बोलायचं, आणि दोन वाक्यांत थांबायचं. आधी मराठीत करून घेणार, नंतर इंग्रजीत. मराठीत 'तुमचं चालू दे, एकच सांगते' एवढं सहज आलं की इंग्रजीचं भय निम्मं जाईल असं मला वाटतं. पहिल्या फेरीत मुलीच शिरणार, मुलं बोलत बसणार.

शिरायची वाक्यं आणि शहापूर_पेठ यांची टिकायची वाक्यं मी एका कागदावर काढली आहेत. देवनागरीत उच्चार, खाली मराठी अर्थ.

हुक्केरीहून
सर, तो कागद इथं टाकाल का? माझी बायको कन्नड माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते, तिच्या वर्गातल्या मुलींचं अगदी हेच आहे. मराठी अर्थाच्या जागी ती कन्नड अर्थ घालेल, 'वंद् निमिष री'पासून सुरुवात करेल.

जांबोटी_रोड
टाकतो की, आजच संध्याकाळी. मॅडमनी कन्नड घातलं की मलाही एक प्रत पाठवा. आमच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी पाच-सहा मुलं आहेत, त्यांना तीच देतो.